हाडामांसाचा शिधा

१७४० साली ब्रिटिश आरमारातला कमोडोर जॉर्ज ॲन्सन लढाऊ जहाजांचा ताफा घेऊन पॅसिफिक महासागराकडे निघाला. स्पेनशी युद्ध जुंपलं होतं आणि स्पॅनिश जहाजं लुटायचा बेत होता. केप हॉर्नला वळसा घालेपर्यंत ताफ्यात स्कर्व्हीने थैमान घातलं. हिरड्या सुजल्या, दात हलू लागले, अंगावर काळेनिळे डाग उठले, शेकडो माणसं दगावली. या मोहिमेचा वृत्तान्त १७४८ साली लंडनमध्ये छापून आला. त्यात एका म्हाताऱ्या सैनिकाची हकिकत आहे. आयर्लंडमधल्या बॉइनच्या लढाईत, म्हणजे १६९० साली, तो जखमी झाला होता. जखमा भरून आल्या त्यालाही पन्नास वर्षं लोटली होती. स्कर्व्ही झाल्यावर त्याच जखमा पुन्हा उघड्या पडल्या, कधी भरल्याच नव्हत्या अशा. जुळून कैक वर्षं झालेलं मोडकं हाड सुटं झाल्याची नोंदही त्याच वृत्तान्तात आहे.

कारण एवढंच, की त्या माणसांना कित्येक महिने ताजी फळं किंवा भाजीपाला मिळाला नव्हता.

मानवी शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी जवळपास तिसरा हिस्सा कोलॅजेनचा असतो. हाडांची जाळी, स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा, सांध्यांवरची कूर्चा, मणक्यांमधल्या गाद्यांचं बाहेरचं कडं आणि जखमेचा व्रण, हे सगळं मुख्यतः कोलॅजेनचं. कोलॅजेन म्हणजे तीन धाग्यांचा पीळ. हा पीळ घट्ट बसवणाऱ्या विकरांना क जीवनसत्त्व लागतं. ते नसेल तर नवं कोलॅजेन कच्चं निघतं. जुनं मात्र ठरल्याप्रमाणे झिजतच राहतं. पन्नास वर्षांपूर्वीचा व्रणसुद्धा आतून सतत मोडत आणि नव्याने विणला जात होता. विणकाम थांबलं आणि मोड तेवढी चालू राहिली.

१७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने 'सॅलिसबरी' जहाजावर बारा रोग्यांच्या सहा जोड्या केल्या. कुणाला सायडर, कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी दिलं आणि एका जोडीला रोज दोन संत्री व एक लिंबू. सहाव्या दिवशी संत्री-लिंबू खाणाऱ्या दोघांपैकी एकजण कामावर रुजू होण्याइतका सावरला होता. आपल्याकडे आज स्कर्व्ही क्वचितच दिसतो. एक मध्यम पेरू खाल्ला तरी दिवसभराची क जीवनसत्त्वाची गरज भागून वर उरतं.

पाठ, सांधे आणि स्नायूंसाठी काय खावं, या प्रश्नाचं उत्तर शोधताना त्या सैनिकाचा व्रण उपयोगी पडतो. शरीराचा जो भाग सतत मोडून नव्याने घडत असतो, तिथे अन्न पोचतं आणि फरक पाडतं. जो भाग एकदा घडला की फारसा बदलत नाही, तिथे बाजारातली कुठलीही पूड फारशी चालत नाही. स्नायूंमधली प्रथिनं रोज एक-दोन टक्के बदलली जातात. हाडांचा सांगाडा साधारण दहा वर्षांत बव्हंशी नवा होतो. सांध्यातली कूर्चा मात्र जवळपास आयुष्यभर तीच राहते. आहाराकडून काय अपेक्षा ठेवायची आणि काय नाही, हे बरंचसं या तीन वेगांवर ठरतं.

हाडांवरची उचल

प्रौढ माणसाच्या अंगात साधारण एक किलो कॅल्शियम असतं. त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. उरलेला एक टक्का रक्तात आणि पेशींमध्ये फिरतो. पण शरीराच्या लेखी महत्त्व त्या एका टक्क्याला अधिक. हृदयाचा ठोका, स्नायूंचं आकुंचन, रक्ताचं गोठणं, सगळं त्यावर चालतं. दर १०० मिलिलिटर रक्तात साधारण ९ ते १० मिलिग्रॅम कॅल्शियम हवंच. ते जरा घसरलं की गळ्यातल्या चार चिमुकल्या पॅराथायरॉइड ग्रंथी लगेच संप्रेरक सोडतात आणि हाडांमधून कॅल्शियम उचललं जातं. ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेतो आणि मग हंगामभर ती फेडत राहतो, तसाच हा व्यवहार. जेवणातून फेड झाली तर ठीक, नाही तर दरवर्षी थकबाकी चढत जाते.

रक्ताच्या तपासणीत कॅल्शियम 'नॉर्मल' आलं म्हणून हाडं ठणठणीत आहेत, असं म्हणूनच म्हणता येत नाही. हाडांना ओरबाडूनच तो आकडा नॉर्मल राखलेला असू शकतो.

हाडांची घनता तिशीच्या आसपास शिखर गाठते. त्यानंतर ती टिकवणं एवढंच हाती राहतं. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि पहिल्या पाच-सात वर्षांत स्त्रियांची हाडं झपाट्याने विरळ होतात. याचा फटका पाठीच्या कण्याला पुष्कळदा गुपचूप बसतो. पाण्याची बादली उचलताना किंवा नुसतं शिंकताना एखादा मणका दबतो, पाठ चार-आठ दिवस दुखते आणि 'वाताचं दुखणं' म्हणून विसरली जाते. असे दोन-तीन मणके दबले की उंची कमी होते, पाठीला पोक येतो, परकर जमिनीला लोळायला लागतो.

कॅल्शियम नुसतं पोटात जाऊन भागत नाही. ते आतड्यातून रक्तात यायला ड जीवनसत्त्व लागतं. पहिलं महायुद्ध संपल्यावर बर्लिनमध्ये उपासमारीने खंगलेल्या मुलांमध्ये मुडदूस बोकाळला होता. पाय वाकलेले, मनगटं सुजलेली, बरगड्यांवर गाठी. कुर्ट हुल्डशिन्स्की या बालरोगतज्ज्ञाने १९१८-१९च्या हिवाळ्यात अशा मुलांना पाऱ्याच्या दिव्याच्या अतिनील प्रकाशात बसवायला सुरुवात केली. क्ष-किरणांच्या छायाचित्रांत हाडं पुन्हा भरत असलेली दिसू लागली. मग त्याने फक्त एकाच हातावर प्रकाश पाडून पाहिला, तर दुसऱ्या हाताची हाडंही सुधारली. कातडीत तयार झालेलं काहीतरी रक्तातून सगळ्या अंगभर फिरतंय, हे त्या एका प्रयोगाने दाखवून दिलं. दोन-चार वर्षांत त्याला ड जीवनसत्त्व हे नाव मिळालं.

महाराष्ट्रात उन्हाचा दुष्काळ नाही. तरीही शहरांत ड जीवनसत्त्वाची कमतरता भरपूर आढळते. ते तयार करणारे किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. सकाळी सहाच्या कोवळ्या उन्हातही ते फारच कमी असतात. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड पडते, त्या वेळचं ऊन उपयोगाचं, आणि सावळ्या कातडीला ते गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतं. अन्नातून ड जीवनसत्त्व फार थोडं मिळतं: बांगडा-तारलीसारखे तेलकट मासे, अंड्यातलं पिवळं, मुद्दाम ते मिसळलेलं दूध. कमतरता निघाली की डॉक्टर ६०,००० युनिटची पुडी देतात, बहुतेक वेळा आठवड्यातून एकदा आणि ठरावीक आठवडे. ती रोज दुधात घालून महिनोन्‌महिने घेणारे लोकही असतात. त्यांच्या रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या सुरू होतात आणि मूत्रपिंडांना इजा पोचते.

ताटातले मिलिग्रॅम

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली ठरवलेल्या प्रमाणानुसार प्रौढ माणसाला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. पाळी थांबलेल्या स्त्रियांना १२००. आता एका साध्या मराठी ताटाची बेरीज करून पाहू. दोन कपांच्या चहातलं दूध मिळून १०० मिलिलिटर, त्यातून १२०. सहा-सात पोळ्यांच्या कणकेतून ६०. दोन वाट्या आमटी-वरणातून ३० आणि भाज्यांमधून फार तर १००. दिवसाची बेरीज तीनशेच्या पुढेमागे घुटमळते.

ही तूट भरून काढायला आपलं स्वयंपाकघर पुरेसं आहे. वाटीभर दह्यात १८० मिलिग्रॅम सहज मिळतं. १०० ग्रॅम नाचणीत ३५०च्या आसपास कॅल्शियम असतं. गव्हाच्या ते जवळपास दसपट. म्हणजे नाचणीच्या एका भाकरीतून दीडशे-पावणेदोनशे. शेवग्याच्या कोवळ्या पाल्याच्या १०० ग्रॅममध्ये ३००हून जास्त. कोकणात जवळा कवचासकट आणि मांदेलीसारखी बारीक मासळी काट्यासकट खाल्ली जाते आणि त्यातलं खरं धन त्या कवचात-काट्यांत असतं. साफ करून तुकडे केलेली सुरमई प्रथिनं भरपूर देते, पण कॅल्शियमच्या बाबतीत जवळ्याच्या जवळपासही येत नाही.

तिळाची गोष्ट जरा वेगळी. त्यातलं बहुतेक कॅल्शियम सालीत असतं. संक्रांतीला वाण्याकडून आणलेले पांढरेशुभ्र पॉलिशचे तीळ हलव्याला देखणे दिसतात; पण सालीबरोबर कॅल्शियमही गेलेलं असतं. चटणीला बिनपॉलिशचे तीळ घेतले तर बरं. पण त्या सालीत ऑक्झलेटही असतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणून लिहिलेला आकडा सगळाच्या सगळा अंगी लागत नाही.

ऑक्झलेटचं सगळ्यात ठळक उदाहरण पालकाचं. पालकात कॅल्शियम भरपूर असतं, पण त्यातलं पाचेक टक्केच शरीरात शिरतं. दुधातलं सुमारे तीस टक्के शिरतं. पालक खावा तो फोलेटसाठी. हाडांची भिस्त त्याच्यावर ठेवू नये. नाचणीतले फायटेट्सही कॅल्शियमला अडवतात. इथे जुनी रीत कामी येते. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची आणि मग दळायची. मोड येताना धान्यातलं विकर फायटेट तोडतं. रात्रभर आंबवलेल्या पिठाच्या आंबिलीतही असंच घडतं. लहान मुलांच्या नाचणीच्या सत्त्वामागे आज्ज्यांनी एवढी खटपट केली, ती उगाच नव्हती.

दुसऱ्या बाजूला, ताटातल्या मिठाचा भाग आहे. मूत्रपिंड सोडियम बाहेर टाकताना थोडं कॅल्शियमही सोबत जाऊ देतं. पापड, लोणचं, फरसाण आणि वरून मीठ, असं रोज चालत असेल तर उचल थोडी आणखी वाढते.

नलगोंड्याचं पाणी

हाडांवर अन्नाइतकाच पाण्याचाही परिणाम होतो. तेलंगणातल्या नलगोंडा जिल्ह्यात खडकांमधून विहिरींच्या पाण्यात उतरणारं फ्लोराइड कित्येक पिढ्या लोकांच्या हाडांत साठत गेलं. फ्लोराइड हाडातल्या खनिजात घुसतं, हाड दाट पण ठिसूळ करतं आणि अस्थिबंधही कडक करतं. कण्याचे मणके एकमेकांना जखडले जातात. अशा माणसाला मान वळवायला अख्खं अंग वळवावं लागतं. १९७३ साली राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या कृष्णमाचारी आणि कृष्णस्वामी यांनी इथल्या तरुणांमध्ये गुडघे आतल्या बाजूला वळण्याच्या विकाराची नोंद 'लॅन्सेट' या नियतकालिकात केली. ज्यांच्या जेवणात कॅल्शियम अपुरं असतं, त्यांच्यावर फ्लोराइडची झळ जास्त बसते. पाणी एकच असलं तरी गरिबाच्या पोराचे पाय आधी वाकतात.

याच नलगोंड्याच्या नावाने ओळखली जाणारी पाणी शुद्ध करण्याची पद्धत नागपूरच्या नीरी या संस्थेत १९७०च्या दशकात तयार झाली. पाण्यात चुना आणि तुरटी घालून ढवळायचं, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणी काढून घ्यायचं. त्या गाळाबरोबर बरंचसं फ्लोराइड तळाला जातं. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांना आजही हा प्रश्न भेडसावतो. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेलं पाणी पिण्यालायक धरत नाहीत. बोअरचं पाणी चवीला गोड लागलं म्हणून ते सुरक्षित ठरत नाही. त्यासाठी ते तपासूनच घ्यावं लागतं.

वरण-भातातलं प्रथिन

स्नायूंचा हिशेब हाडांपेक्षा घाईचा. त्यांत रोज प्रथिनं मोडतात आणि रोज नवी बसतात. २०२०च्याच शिफारशीनुसार प्रौढाला वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिन हवं, म्हणजे ६० किलोच्या बाईला पन्नास ग्रॅम. आता मघाच्याच ताटाकडे पुन्हा पाहू. सकाळच्या बशीभर पोह्यांतून चारेक ग्रॅम. दोन वेळच्या पोळ्यांमधून अठरा-वीस. भातातून चार. चहातल्या दुधातून तीन, भाज्यांतून दोन-तीन. राहिली आमटी. वाटीभर पातळ आमटीत डाळ असते ती कोरडी मोजली तर पंधरा-वीस ग्रॅमच, म्हणजे प्रथिन चारच ग्रॅम. सगळं मिळून चाळिशीच्या आत-बाहेर. वरण पिवळंधमक दिसतं म्हणून डाळ भरपूर खाल्ली, असं वाटतं. भांड्यात ती किती पडली, हे कुणी मोजत नाही.

त्यातही बहुतेक प्रथिन धान्याचं. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी, डाळींत मेथिओनिन कमी. दोन्ही एकत्र आले की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. पिठलं-भाकरी, मुगाची खिचडी, मटकीची उसळ आणि पोळी या जोड्या उत्तम. फक्त त्यांतलं डाळीचं माप वाढायला हवं. मूठभर शेंगदाण्यांतून सात-आठ ग्रॅम मिळतात, एका अंड्यातून सहा, वाटीभर दह्यातून पाच. यातलं काही सकाळच्या पोह्या-उपम्याबरोबर आलं तर जास्त चांगलं, कारण स्नायू प्रथिनाची शिल्लक साठवून ठेवत नाहीत. रात्रीच्या एकाच जेवणात सगळं कोंबण्यापेक्षा तीन वेळा वाटून खाल्लेलं अधिक कामी येतं.

तिशीनंतर स्नायूंचं वजन दर दशकात तीन ते आठ टक्क्यांनी घटत जातं आणि साठीनंतर ही घट वेग घेते. वैद्यकात याला सार्कोपेनिया म्हणतात. घरात त्याची ओळख वेगळ्या रीतीने होते. आजोबा पाटावरून उठताना हात टेकू लागतात, जिन्याच्या कठड्याला धरू लागतात, बरणीचं झाकण उघडायला नातवाला हाक मारतात. अंथरुणाला खिळल्यावर घसरण फारच वेगाने होते. २००७ साली अमेरिकेत निरोगी वृद्धांना फक्त दहा दिवस पलंगावर झोपवून ठेवलं, तेव्हा त्यांच्या पायांमधून जवळपास एक किलो स्नायू गेला. चिकनगुनियाने किंवा पाय मोडल्याने पडून राहिलेल्या माणसाला नुसत्या पेजेवर ठेवलं की काय होतं, याचा यावरून अंदाज येतो. वृद्धांनी किलोमागे एक ते सव्वा ग्रॅमपर्यंत प्रथिन घ्यावं, असं आता बरेच तज्ज्ञ सांगतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

पण प्रथिन खाल्लं म्हणून स्नायू तयार होत नाही. बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात मारिया फियाटारोने आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग १९९४ साली प्रसिद्ध झाला. सरासरी ८७ वर्षांच्या शंभर अशक्त माणसांचे चार गट केले. एका गटाने आठवड्यातून तीनदा पायांनी वजन उचललं. हलकंफुलकं नव्हे, तर जेमतेम पेलेल एवढं. दुसऱ्या गटाला पौष्टिक पेय दिलं, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला दोन्हींपैकी काहीच नाही. दहा आठवड्यांनी वजन उचलणाऱ्यांची ताकद दुपटीहून वाढली होती. काठी टेकत चालणारे काहीजण आता जास्त वेगाने चालू लागले. नुसतं पेय घेणाऱ्यांच्या ताकदीत काहीच फरक पडला नव्हता. हाडांनाही हाच नियम लागू होतो. अंतराळवीरांना पुरेसं खायला मिळत असूनही वजनरहित अवस्थेत त्यांच्या खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्का विरळ होतं, कारण त्यावर भारच पडत नाही.

कूर्चा, गादी आणि बाजारातली पूड

१९५५ ते १९६३ या काळात अमेरिका आणि सोव्हिएत युनियनने जमिनीवर आणि हवेत केलेल्या अणुचाचण्यांमुळे वातावरणातलं कार्बन-१४ जवळपास दुप्पट झालं. ते वनस्पतींमध्ये, तिथून अन्नात आणि तिथून माणसांच्या शरीरात गेलं. त्या स्फोटांनी नकळत प्रत्येक माणसाच्या अंगावर तारीख उठवली. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी हा तारखेचा शिक्का वापरून गुडघ्यातली कूर्चा तपासली. वयस्कर लोकांच्या कूर्चेतलं कोलॅजेन त्यांच्या पौगंडावस्थेच्या आसपासच्या काळातलंच निघालं. सत्तरीच्या माणसाच्या गुडघ्यात पंधराव्या-सोळाव्या वर्षीचं कोलॅजेन असतं. ज्यांच्या गुडघ्यांची झीज झाली होती, त्यांच्यातही नवं कोलॅजेन फारसं आढळलं नाही.

'कूर्चा पुन्हा तयार होते' असं म्हणत विकल्या जाणाऱ्या गोष्टींचं काय होत असेल, ते यावरून ओळखता येतं. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन या गोळ्यांची मोठी चाचणी अमेरिकेत झाली. १५८३ रुग्ण, २४ आठवडे. २००६ साली निकाल आला: एकूण रुग्णांमध्ये या गोळ्या नकली गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. जास्त वेदना असलेल्या छोट्या गटाला दोन्ही मिळून थोडा फायदा झाल्यासारखा दिसला, पण त्यावर विसंबून राहावं एवढा ठोस तो नव्हता.

घरगुती समजुतीही याच वाटेने जातात. डिंक चिकट, म्हणून डिंकाचे लाडू खाल्ले की सांधे जुळतात; पाया सूप प्यायलं की पाय भक्कम होतात. डिंक म्हणजे झाडाचा एक पिष्टाशी नातं सांगणारा तंतू. तो सांध्यापर्यंत जात नाही, आतड्यातल्या जंतूंचं खाद्य होतो. डिंकाच्या लाडवाची खरी ताकद त्यातल्या खसखशीत, खारकेत, खोबऱ्यात आणि तुपात. खसखशीत कॅल्शियम चांगलंच असतं. बाळंतिणीला त्या लाडवाची गरज असते, फक्त कारण वेगळं. पायाच्या सूपमधलं कोलॅजेन पोटात गेल्यावर अमिनो आम्लांत मोडतं आणि ती आम्लं शरीर हवी तिथे वापरतं. शिवाय त्यात ट्रिप्टोफॅन नसतं, म्हणून प्रथिन म्हणूनही ते अपुरं. रश्श्यात उतरणारं कॅल्शियम तर अगदीच थोडं.

मणक्यांमधल्या गाद्यांची अडचण आणखी वेगळी. या २३ गाद्या शरीरातल्या रक्तवाहिन्या नसलेल्या अवयवांपैकी सर्वांत मोठ्या. त्यांचं पोषण वरच्या-खालच्या मणक्यांच्या कडांमधल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून झिरपत येतं. दिवसभर उभं राहून-बसून गाद्यांमधलं पाणी दाबाखाली बाहेर जातं आणि संध्याकाळपर्यंत माणसाची उंची सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर घटते. रात्री आडवं झाल्यावर पाणी परत शिरतं आणि उंची भरून निघते. भरपूर पाणी प्यायल्याने गादी 'फुगते' हा गैरसमज. तिला गरज असते चालण्या-वाकण्यातून होणाऱ्या दाब-सैलीची आणि मोकळ्या रक्तवाहिन्यांची. सिगारेट, मधुमेह आणि रक्तवाहिन्यांत साचलेली चरबी ही वाट अरुंद करतात. पाठदुखीसाठी एखादा पदार्थ शोधण्यापेक्षा या तिन्हींवर नियंत्रण ठेवलं तर गादीला जास्त फायदा होतो.

गुडघ्याच्या बाबतीत आहार काय करू शकतो, याचं मोजमाप उपलब्ध आहे. वजन एक किलो घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ४५४ वजनदार, गुडघे दुखणाऱ्या लोकांना दीड वर्ष आहाराच्या, व्यायामाच्या किंवा दोन्हींच्या कार्यक्रमात ठेवलं. ज्यांनी दोन्ही केलं, त्यांचं वजन सरासरी अकरा टक्क्यांच्या वर घटलं आणि त्यांच्या वेदना नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही जास्त कमी झाल्या. त्यांची कूर्चा परत आली नाही. पण तिच्यावर रोज पडणारा भार उतरला.

डाळीवरचा खोटा आळ

सांध्यांच्या एका दुखण्याशी मात्र खाण्याचा थेट संबंध आहे. ते म्हणजे गाउट. रक्तातलं यूरिक ॲसिड दर १०० मिलिलिटरला साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की त्याचे टोकदार स्फटिक होऊ लागतात आणि सांध्यात रुततात, बहुधा पायाच्या अंगठ्यात. रात्री दोनच्या सुमाराला अंगठा लालबुंद होतो, चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. तपासणीत यूरिक ॲसिड वाढलेलं निघालं की घराघरांत पहिला हुकूम सुटतो: डाळी बंद, टोमॅटो बंद, पालक बंद.

२००४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ४७,१५० पुरुषांचा बारा वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मांस आणि मासळी जास्त खाणाऱ्यांमध्ये गाउट जास्त आढळला. ज्यापासून यूरिक ॲसिड बनतं ते प्युरिन असलेल्या भाज्या आणि डाळी-वाटाण्यांमुळे धोका वाढल्याचं दिसलं नाही. दूध-दही खाणाऱ्यांमध्ये तर तो कमी होता. शीतपेयांमधल्या फ्रुक्टोजने आणि विशेषतः बिअरने मात्र धोका वाढतो. शाकाहारी माणसाने डाळ सोडली तर गाउट थांबत नाहीच. वर ताटातलं मुळातच तोकडं असलेलं प्रथिन आणखी घटतं.

चप्पल निसटते तेव्हा

कण्याचा विचार करताना मणके आणि गाद्याच डोळ्यांपुढे येतात. त्यांच्या आतून जाणारा मज्जारज्जू विसरला जातो. या मज्जारज्जूच्या तंतूंवरचं आवरण टिकवायला बी-१२ जीवनसत्त्व लागतं. ते वनस्पतींत नसतं. जिवाणू ते बनवतात आणि माणसाला ते प्राणिज अन्नातून मिळतं. ते कमी पडलं की मज्जारज्जूच्या मागच्या भागातले तंतू झिजतात. पाय नेमके कुठे आहेत, हे मेंदूला कळवणारे तंतू तेच. माणूस उजेडात नीट चालतो आणि अंधारात अडखळतो. साबणाने तोंड धुताना डोळे मिटले की झोक जातो. कधी चालता चालता पायातली चप्पल निसटते आणि दहा पावलं पुढे गेल्यावर लक्षात येतं की एक पाय अनवाणी आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे शहरातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश लोकांमध्ये बी-१२ कमी आढळलं. शाकाहाऱ्यांमध्ये त्याचा मुख्य स्रोत दूध. रोजची गरज २.२ मायक्रोग्रॅम. अर्धा लिटर दुधातून ती जेमतेम भागते. दोन कप चहातल्या दुधातून नाही. यकृतात साठा असल्यामुळे कमतरता दिसायला वर्षं लागतात आणि त्यामुळेच ती उशिरा पकडली जाते. इडलीच्या आंबवण्यातून किंवा स्पिरुलिनाच्या गोळ्यांतून ते मिळतं, हा समज खरा नाही; स्पिरुलिनात असतं ते मुख्यतः बी-१२सारखंच दिसणारं पण शरीराच्या कामाचं नसणारं रसायन.

मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्या शाकाहारी माणसाची स्थिती जास्त नाजूक असते, कारण हे औषध आतड्यातून बी-१२चं शोषण कमी करतं. अशा माणसाच्या पायांना मुंग्या येतात तेव्हा घरातले आणि कधी कधी डॉक्टरही 'साखरेचा परिणाम' म्हणून सोडून देतात. दोन्ही दुखण्यांची लक्षणं अगदी सारखी दिसतात. रक्तातल्या बी-१२च्या तपासणीला फार खर्च येत नाही आणि इंजेक्शन किंवा गोळ्यांनी पातळी काही आठवड्यांतच वर येते. मुंग्या नुकत्या सुरू झाल्या असतील तर त्या बहुधा जातात. चप्पल निसटायला लागून वर्ष-दोन वर्षं उलटली असतील तर मात्र मज्जारज्जूतले सगळेच तंतू सावरत नाहीत आणि अंधारात भिंतीला हात लावून चालणं कायमचं होऊन बसतं.